भिंगातला डाग

"मधे काय बघतोस, तांडेल? कडा बघ, कडा!"

त्या संध्याकाळीही भाई हेच म्हणाले. त्यांच्या पडवीत टेबलावर मायक्रोस्कोप, खाली काचेवर खाडीच्या पाण्याचा थेंब. आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजचं काम ते शेवटचंच.

भाई माझे शेजारी. आखातात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, म्हातारपणी गावी आले, घरात एकटे, पोरगी मुंबईला. मी होडीवरचा तांडेल, शाळा जेमतेम चौथी. माझी बायको गेली तेव्हा लोक येऊन गोड गोड बोलून गेले. भाई काही बोलले नाहीत. दिवसकार्य आटपल्यावर त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "तांडेल, खाडीतून बाटलीभर पाणी आण. तळातलं आण, वरचं नको." तेव्हापासून रोज पाणी नेत होतो.

तुम्ही असल्या यंत्रात डोकावला असाल तर ठाऊक असेल. यंत्राबरोबर येतं ते भिंग साधं. मधे स्वच्छ, कडेला धुरकट, आणि किड्यांच्या अंगाला जांभळी किनार, जी खरी नसते. भाईंनी मागाहून मुंबईहून भारी भिंग मागवलं. त्यात कडेपर्यंत सारखं दिसतं, खोटी किनार नाही. पण नखरे फार. काचेला टेकेल इतकं खाली आणावं लागतं, मधे वाळूचा कण आला की ओरखडा. थेंबावरची पातळ काच थोडी जाड झाली तरी रुसतं.

"भाई, आपल्याला किडेच बघायचे ना? साधं बास हाय."

"तौबा! तुला पापलेट नि बांगडा सारखाच काय?"

"भूक लागली तर सारखाच."

त्या संध्याकाळी मात्र ते चिडले होते. "फसवलं मला. भारी भिंगात मधोमध डाग हाय." मग साधं फिरवून लावलं. "ह्यात पण हाय! दोन्ही खराब."

मी बघितलं. साध्यात मधोमध एक हिरवा जीव गरगरत होता. भारी भिंगात त्याच्या अंगावरची लवसुद्धा दिसली. डाग कुठेच नव्हता.

हल्ली भाई बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. मला वाटायचं, मान अवघडली असेल. विहिरीच्या पायरीवर कळशीसकट पडले, तेव्हा त्यांनी शेवाळाला शिव्या घातल्या होत्या. ते सगळं कशामुळे, ते आता मला कळलं.

"भाई, भिंगं चांगली हायत. डाग तुमच्या डोळ्यात हाय."

त्यांनी यंत्रावरचा हात काढला. मग म्हणाले, "आरशात माझं तोंड दिसत न्हाय मला. कान तेवढे दिसतात. भारी भिंगातून तरी मधलं दिसंल, वाटलं होतं."

"डॉक्टरला दाखवा."

"मग पोरीला कळणार. ती मुंबईला नेऊन बसवील. तिथं खाडी न्हाय, तू न्हाय. कुणाला बोलू नकोस, तांडेल. कसम हाय तुला."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. माझ्या बायकोनं छातीतली गाठ लपवली होती. मला सांगितली तेव्हा डॉक्टरच्या हातात काही राहिलं नव्हतं. लपवलेल्या दुखण्याचा मला दुखण्यापेक्षा जास्त राग येतो.

भाई पुढे मुंबईलाच वारले. एका डोळ्याला शेवटपर्यंत थोडं दिसत होतं, असं त्यांची पोरगी सांगते. माझ्याशी फोनवर बोलले नाहीत ते नाहीतच. त्यांच्या पडवीला आता कुलूप आहे. तशी वेळ पुन्हा आली असती तरी मी पोरीला सांगितलंच असतं. पण हे कुणाला सांगायचं? ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांनाच सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी नाक्यावरच्या दुकानातून पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"काका, अब्बांना माहीत आहे तुम्ही मला सांगताय ते?"

"आता जाऊन सांगतो."

भाई पडवीत चहा घेऊन बसले होते. मी समोर उभा राहिलो. "भाई, पोरीला बोललो मी. ती निघाली हाय."

भाई कप खाली ठेवायला टेबल चाचपत राहिले. मी कप हातातून घेतला, आत गेलो, फळीवरची बॅग काढली आणि त्यांचे कपडे भरायला लागलो.