सुकदेवनानांचा खांदा

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. धुळ्यातल्या बंदुकीच्या दुकानात पंचवीस काडतुसांच्या एका खोक्याचे अडीच हजार रुपये सांगितले गेले, तेव्हा आम्ही तिघे हजर होतो: दुकानाचे शेठ, आमच्या बँकेच्या जळगाव शाखेचे बंदूकधारी रखवालदार सुकदेवनाना आणि त्याच शाखेचा रोखपाल, म्हणजे मी. नानांनी खोक्यातले एक काडतूस उचलले, कानाशी नेले आणि हलवले.

ही त्यांची जुनी सवय. शाखा उघडली की ते दाराजवळच्या स्टुलावर बसत, पट्ट्यातले प्रत्येक काडतूस कानाशी हलवत आणि मगच परत खोचत. आतले छर्रे सैल वाजले किंवा पुठ्ठा दमट लागला तर ते काडतूस बाजूला. नवीन ग्राहक थांबून बघत राहायचे. नारळ पारखणारे पुष्कळ, काडतूस पारखणारा त्यांनी कधी पाहिलेला नसायचा.

बंदूक त्यांच्या वडिलांची. पारोळ्याजवळच्या गावी रानडुकरांपासून शेत राखायला वडिलांनी ती एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतली होती. शेजारी शेजारी दोन नळ्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि वजन इतके कमी की दिवसभर खांद्याला अडकवूनही नाना वाकत नसत. वडिलांमागे परवाना त्यांच्या नावावर झाला आणि स्वतःची बंदूक असलेला माणूस म्हणून बँकेने त्यांना ठेवून घेतले. त्यांची नोकरी म्हणजे ती बंदूकच. ती नसती तर नाना त्या दारात उभे राहू शकले नसते.

सराव सोडला तर त्यांनी ती कधी उडवल्याचे मला माहीत नाही. ते म्हणत, "बंदूक म्हंजे जवाई शे, भाऊसाहेब. मान देवाना, काम सांगानं नही." आमच्या शिपायाने एकदा डिवचले की नाना, चोर आला तर तुम्ही त्याला आधी पाणी विचाराल. नाना शांतपणे म्हणाले, "चोर ऊना तर त्याले बी रांगमा उभा करसू. बँकना नियम सगळासले सारखा शे."

नियम त्यांनाही होता. वर्षातून एकदा पोलिसांच्या मैदानावर चार काडतुसे उडवून दाखवायची, तिथला दाखला आणायचा, मग पुढच्या वर्षाचा करार. त्या वर्षी पावसाळ्यात पिंप्राळ्याच्या वळणावर नाना मोटारसायकलवरून पडले. उजव्या खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले. डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडले आणि बजावले, की वर्षभर या खांद्याला धक्का नको. सराव दिवाळीनंतर होता. बंदुकीचा दस्ता ज्या जागी टेकतो, नेमक्या त्याच जागी पट्टी होती.

डाव्या खांद्यावर बंदूक लावून पाहिली. तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. "डोया जेवना चालस, खांदा डावा," नाना म्हणाले. जेवना म्हणजे उजवा. "देवनी जोडी चुकाडी दिन्ही." मुदतवाढीसाठी मी अर्ज लिहून दिला. व्यवस्थापकांनी शिफारस करून तो वर पाठवला. वरून काहीच आले नाही. व्यवस्थापक चांगला माणूस, पण त्यांच्या हातात शिफारशीपलीकडे काही नव्हते.

तेव्हा नानांनीच उपाय सांगितला. काडतुसावर छर्ऱ्याचा नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. आजवर ते चार नंबर वापरत. या वेळी आठ नंबर घ्यायचा. "बारीक छर्रा, बारीक धक्का. यामा इचारानं काय शे?" मलाही ते पटले. शाखेत सगळ्यांनाच पटले. त्यांच्या गावात तर ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी खरी मानत, कारण चिमण्यांवर बारीक छर्रा आणि डुकरावर जाड, आणि डुकरावर बार काढला की खांदा दुखतो, हे सगळ्यांनी पाहिलेले. म्हणून आम्ही बंदूक आणि परवाना घेऊन एसटीने धुळ्याला गेलो.

शेठनी आमचे सगळे ऐकून घेतले. दोन जुनी, बाद झालेली काडतुसे त्यांच्याकडे फोडून ठेवलेली होती. दोन्हींतले छर्रे त्यांनी लहान तराजूच्या दोन पारड्यांत ओतले. एकीकडे चार नंबर, एकीकडे आठ. काटा मधोमध राहिला.

"नाना, दाणा बारीक झाला म्हणून पोतं हलकं होतं का?" शेठ म्हणाले. "दोन्हीत बत्तीस ग्रॅम शिसं आहे. धक्का वजनाचा असतो, आणि ते किती जोरात सुटतं त्याचा. दाण्याचा नाही."

मग शेठनी दुसरी गोष्ट सांगितली, ती अधिक वाईट होती. बंदूक जितकी हलकी तितकी मागे जास्त मारते. आपण फुलासारखी म्हणून मिरवत आलो तो गुणच आता आड येणार, हे नानांच्या चेहऱ्यावर मला दिसले.

मी विचारले, कमी वजनाचे काडतूस मिळतच नाही का? मिळते. नेमबाजीच्या खेळासाठी चोवीस ग्रॅमचे येते. शेठनी तसे एक काढून दाखवले. नानांनी ते नळीत घालून पाहिले, छान बसले. तेवढ्यात शेठनी ते काढून घेतले. खोक्यावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची असते. हे सत्तर मिलिमीटरचे. नानांच्या जुन्या नळीतली काडतुसाची जागा पासष्टची. घालताना बसते, पण उडाल्यावर तोंड उघडायला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो, आणि इतकी जुनी नळी तो दाब सोसेलच असे नाही. तेव्हा जे हलके होते ते लांब होते, आणि जे लांबीला बरोबर होते ते जड. हलके आणि आखूड, दोन्ही गुणांचे काडतूस बाहेरून मागवावे लागणार होते. मागवतो, शेठ म्हणाले, पण केव्हा येईल ते सांगू शकत नाही. मी माझा फोन नंबर देऊन आलो. लागतील म्हणून तेच बत्तीस ग्रॅमचे एक खोकेही परवान्यावर नोंदवून घेतले.

दिवाळी गेली, फोन आला नाही. मी दोनदा केला. शेठ काय सांगणार? नानांच्या घरच्यांनी गोधडीचा जाड तुकडा शर्टाच्या आतून शिवून दिला. मी त्यांना म्हटले, नाना, राहू द्या, नोकरी गेली तर जाऊ दे. ते बंदुकीकडे बघून म्हणाले, "नोकरी जाई तर परवानाबी जाई. मंग हाई कोनाकडे जाई?"

मैदानावर मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. त्यांनी चारही काडतुसे कानाशी हलवली. पहिला बार झाला, निशाणाचा पुठ्ठा फाटला. दुसरा झाला, तोही लागला. नानांनी बंदूक सांध्यात वाकवून उघडली, रिकामी टरफले काढली, नवी दोन भरली. तिसरा बारही लागला. मग बंदूक खाली आली आणि खालीच राहिली. त्यांचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. तिथले पोलीस अंमलदार जवळ गेले, नळ्या मोकळ्या केल्या, बंदूक काढून घेतली. मी दोरी ओलांडून गेलो तेव्हा नाना मला समजावत असल्यासारखे म्हणाले, "हात मना शे, भाऊसाहेब, पन मनं ऐकत नही."

पट्टीचे स्क्रू निघाले होते. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तीन बार लागले, पण नियम चारचा, त्यामुळे दाखला नाही आणि करारही नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला खांदा आड आला आणि बंदूक धुळ्याला शेठकडे जमा करावी लागली. विकायला ठेवली, घेणारे येत, नळ्यांतून उजेड बघत आणि नवी बंदूक मागत. त्यानंतर शेठचा फोन आला: चोवीस ग्रॅम, पासष्ट मिलिमीटर, एक खोके आले आहे. मी नानांना विचारले. ते म्हणाले, "राहू द्या. कोना तरी खांदाले कामे येतीन."

जमा बंदुकीचे भाडे महिन्याला दोनशे. नाना ते द्यायला दर महिन्याला स्वतः जात. शेठ बंदूक काढून समोर ठेवत, नाना डाव्या हाताने तेलाचे फडके फिरवत, चहा घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. भाडे नेहमी आगाऊ देत.

या उन्हाळ्यात ते गेले. ताप आला, चार दिवसांत आटोपले. त्यांची मुलगी सुनंदा नंदुरबारला असते. तिच्यासोबत मी धुळ्याला गेलो. तिच्याकडे परवाना नाही, घेणारे गिऱ्हाईक नाही, म्हणून बंदूक सरकारजमा करण्याच्या कागदावर तिने सह्या केल्या. तशा बंदुका पुढे मोडतात, हे शेठनी तिला सांगितले. किंमत काही मिळत नाही, हेही सांगितले. मग त्यांनी गल्ला उघडला. नानांनी भरलेल्या आगाऊ भाड्यातले दोन महिने उरले होते. त्याचे चारशे रुपये शेठनी सुनंदाच्या हातावर ठेवले.