सर्वांसाठी खुली टेकडी

साठच्या दशकात एकदा पालघरच्या राखीव रानात दसऱ्यानंतर चढाईची मोहीम ठेवली होती. वाटाड्या नाही, झाडांवरच्या चुन्याच्या खुणा बघत आपलं आपण चढायचं; तसं वर पोचेल त्यालाच प्रमाणपत्र. फलकावर ‘सर्वांचे स्वागत’. मी विशीतली शहाणी, नवे कॅनव्हासचे बूट घालून तासाभरात वाट चुकले. गवताचा भारा घेतलेल्या एका बाईने हनुवटीनेच दिशा दाखवत मला वर आणलं. वाटेत मी तिला तो फलक ऐटीत समजावला.

वर रखवालदाराने मला शाबासकी दिली आणि भाऱ्यासकट तिचा विळा हिसकावला. “राखीव रानातलं गवत कापतेस?”

ती माझ्याकडे वळली. “बाय, सगल्यांत आमी नाय का? इळा गेला तं उद्या कामाला कशी जाऊ?”

‘हिनेच वाट दाखवली’ एवढं तरी म्हणायचं! पण मला प्रमाणपत्र हवं होतं. ती रिकाम्या हाताने उतरली, आणि मी निर्लज्ज, सहीची शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत उभी राहिले.