न वाचलेलं मराठी पुस्तक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या स्थूल अर्थशास्त्रासाठी एक पाठ्यपुस्तक नेमायचं होतं. एक इंग्रजी, एक मराठी — दोन्ही वाचून मत द्यायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मी वाचलं. मराठी — नुसतं उघडलं. मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठीच बोलतो, पण छापील मराठी मी अजून बोट ठेवून वाचते. ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’ — वर्गात हे मोठ्याने वाचताना अडखळले तर? मागच्या बाकावर कुणी हसलं तर? मी पुस्तक मिटलं.

बैठकीत आमचे विभागप्रमुख शिंदे सर म्हणाले, “काय मॅडम, मराठी झेपलं का? की सुट्टीत क्लास लावायचा?”

सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, “वाचलं ना सर. गुणकाचं प्रकरण चुकीचं आहे.”

गुणकच का? अनुक्रमणिकेत तेवढाच शब्द चटकन वाचता आला होता.

पुस्तक समोरच होतं. सरांनी पान काढायला सांगितलं असतं तर? “मग विषयच संपला,” सर म्हणाले. इंग्रजी पुस्तक लागलं.

वर्गात इगतपुरीहून येणारी मनीषा होती. पेपर मराठीतच लिहायची. तास संपल्यावर हळूच म्हणाली, “मॅडम, दादाचं मराठी पुस्तक हाय माझ्याकडं. त्यातून केलं तर चालंल?” तेच पुस्तक. तेव्हा तरी खरं बोलायला काय हरकत होती?

मी म्हणाले, “नको. त्यात चुका आहेत.”

ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. मग मी ते प्रकरण वाचलं — बोट ठेवून, पूर्ण. चूक नव्हती. इंग्रजीपेक्षा सोपं होतं.

मागच्या महिन्यात ती मेनरोडवर साड्यांच्या दुकानात दिसली. कॉलेज सोडून तिथेच कामाला लागली आहे.

“बरं झालं मॅडम, तुम्ही सांगितलं,” साडी उलगडत म्हणाली. “नायतर चुकीचंच शिकले असते. माझंच डोकं नाय चाललं.”

मी म्हणाले, “होतं असं.” आणि दुसरा रंग दाखवायला सांगितला.