रिकामी मांडणी

आमच्या घराण्यात इंग्रजी शिकलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांचे ते उपकार मी आजही मानतो. पण त्याच इंग्रजीपायी एकदा माझ्या हातून चूक झाली.

गिरण्यांचा संप चालू होता. घाटकोपरच्या टेकडीवर एका मालवणी काकींकडे मी जेवायला जात असे. काका संपावर, म्हणून काकींनी घरातच खानावळ सुरू केली होती. परदेशी टीव्हीचे दोघे संपावर फिल्म करायला आले. त्यांचा दुभाष्या मी. मी त्यांना काकींकडेच नेलं.

पाहुणे येणार म्हणून काकींनी मांडणीवरची पितळेची भांडी चिंचेने लख्ख घासून, आपलं नाव कोरलेली बाजू पुढे करून लावली होती. दिग्दर्शक म्हणाला, भांडी काढा, उजेड चमकतो. मला तेव्हाच शंका आली. खिडकीची काच त्याला चालत होती, भिंतीवरचा आरसा चालत होता, भांडीच तेवढी नको होती. पण साहेबाला उलट विचारायची मला सवय नव्हती.

"मांडणी रिकामी कित्याक रे?"

"फोटो चांगला येतो, काकी."

मीच भांडी उतरवून शेजारी ठेवून आलो.

दिवस कसे काढले, असं त्यांनी विचारलं. काकी ताठ बसून म्हणाल्या, "एक वाटीसुदा विकूक नाय मी." मी ते इमानाने इंग्रजीत सांगितलं. दिग्दर्शक एवढा वेळ वहीत लिहीत होता. हे मात्र त्याने लिहिलं नाही.

पुढल्या वर्षी पार्ल्याच्या एका सभागृहात ती फिल्म दाखवली. पडद्यावर काकींचे ओठ हलत होते, पण आवाज त्यांचा नव्हता. कुणीतरी गंभीर इंग्रजीत सांगत होतं, या घरातली भांडीसुद्धा विकली गेली. मागे रिकामी मांडणी. माझ्या शेजारचा गोरा पाहुणा हळहळला. त्याच्या देशात घरोघरी असेच हळहळले असणार.

"काय दाखवल्यानी?" काकींनी जेवायला वाढताना विचारलं. खोटं सांगावंसं वाटलं. पण खरं तेच सांगितलं.

त्यांचा हात थांबला. "मी काय बोललंय, ता सांगलंस मां तू त्यांका?"

"सांगितलं."

"आणि भांडी कोणी काढल्यान?"

"मी."

"मग तूच लिव त्यांका. तुका इंग्लिश येता."

त्याच रात्री मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरंही लिहिलं.  तेव्हापासून माझं ताट ठेवताना काकी त्यावर कोरलेलं आपलं नाव माझ्या बाजूला करत.