संजीवनी माचीवरचे पोहे

भोरमध्ये राहणाऱ्या माणसाला राजगड कुणी दाखवावा लागत नाही. नसरापूरला जाता-येता तो दिसतो, वेल्ह्याकडच्या एखाद्या लग्नाला निघालं तरी दिसतो. पाहुणे आले की गाडीच्या काचेतून बोट दाखवून आम्ही सांगतो, "तो बघा राजगड." सांगताना आवाजात असा तोरा असतो, जणू आमच्याच आजोबांनी तो बांधून घेतलाय. चढायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. चढायला पुण्याची माणसं आहेत. रविवारी ती पहाटेच उठून येतात, घामाघूम होतात आणि उन्हाने लाल होऊन परत जातात. आम्ही त्यांच्याकडे थोडं कौतुकाने आणि बरंचसं दयेने बघतो. मी लग्न करून भोरला आले त्याला एक पिढी उलटली, पण राजगडावर माझं पाऊल पडलं नव्हतं. नवरा जन्मापासून भोरचा, त्याचंही पडलं नव्हतं.

आणि ते पडायची वेळ आली ती लेकीच्या लग्नापायी.

लेक पुण्यात नोकरीला आहे. तिला बघायला याआधी दोन घरची मंडळी येऊन गेली होती. पहिल्यांनी तिला "जरा चालून दाखव" म्हटलं. दुसऱ्यांनी पोहे दोनदा मागून घेतले, बशा चाटूनपुसून साफ केल्या आणि नंतर काही कळवलंच नाही. त्या दिवशी लेकीने स्वयंपाकघरात ट्रे आपटला आणि जाहीर केलं, "पोह्यांची बशी घेऊन मी यापुढे कुणासमोर जाणार नाही." मला तिचा राग पटला होता. पोहे माझे होते, त्यामुळे राग माझाही होता.

मग तिच्याच ऑफिसच्या इमारतीत काम करणारा एक मुलगा तिला आवडला. त्याचे वडील काही वर्षांपूर्वी गेले, घरी आई, ती शाळेतून निवृत्त झालेली. आता दोन्ही घरांनी भेटायचं तर बैठकीत नको, बशी नको, म्हणून त्या दोघांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून राजगडावर जायचं. मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा फोन घेतला नवऱ्याने. "तुम्हाला सवय असेल ना गडाची?" असं त्यांनी विचारलं असणार, कारण नवरा छाती फुगवून म्हणाला, "ताई, गड काय, आमचं अंगणच आहे ते! दरवर्षी एक फेरी असतेच."

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "भोरचा माणूस राजगडावर गेला नाही हे कसं सांगायचं? पोरीच्या सासरी आपली किंमत काय राहील?"

रात्री लेक माझ्याजवळ येऊन बसली. "आई, हा मला खरंच आवडलाय. तुम्ही दोघं मिळून काही घोळ घालू नका, एवढंच." हे ती हसत म्हणाली, पण माझा हात घट्ट धरून म्हणाली. मला काळजी लागली ती तिथून.

नवऱ्याने पुढचा आठवडा मोबाईलवर राजगडाचे व्हिडिओ बघण्यात घालवला. मी म्हटलं, पाहुणे येणार ते येणार, मग ते घरात येवोत की गडावर, उपाशी कसे ठेवायचे? रविवारी अंधारात उठून पोहे केले. दाणे जरा जास्त घातले, लिंबं वेगळी बांधून घेतली. डबा पिशवीत ठेवताना लेकीने पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बशी नाहीये," मी म्हटलं, "नुसता डबा आहे."

नसरापूरच्या चौकात पाहुण्यांची गाडी थांबलेली होती. मुलगा चांगला उंच, हसरा. पाठीवर मोठी सॅक, हातात काठी. "आमचा दर रविवारी कुठला तरी गड असतोच," तो म्हणाला. त्याच्या पायात कोरे करकरीत बूट होते. मी बघतेय हे त्याला दिसलं, तेव्हा घाईने म्हणाला, "जुने चालून चालून झिजले." त्याची आई माझ्याच वयाची, थोडी स्थूल, बोलायला मऊ. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि ती पिशवी तिने मुलाकडेही दिली नाही. वाटेत पिशवीचं तोंड उघडलं तेव्हा मला नारळाची शेंडी आणि हिरव्या खणाचा काठ दिसला. गडावर पद्मावती देवीचं देऊळ आहे, तिच्या ओटीचं असणार. बाई देवाधर्माची आहे हे बघून मला बरं वाटलं.

पाली गावात गाड्या लावल्या आणि चढायला लागलो. हिवाळ्याचे दिवस, गवत पिवळं पडलेलं, वाटेत कुणाच्या तरी शेळ्या. सुरुवातीला सगळे गप्पा मारत होते. मग चढ लागला आणि गप्पा बंद झाल्या. नवऱ्याला धाप लागायला लागली, पण ते कबूल करायचं नाही हे त्याने घरूनच ठरवून आणलेलं. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा, हात लांब करायचा आणि म्हणायचा, "इथनं नजारा बघा." मग आम्ही सगळे नजारा बघायचो. त्याचा श्वास परत जागेवर आला की नजारा संपायचा. एकदा समोर फक्त करवंदाची जाळी होती, तरी आम्ही बघितली. विहीणबाई होऊ घातलेल्या त्या बाईही कमरेवर हात ठेवून आनंदाने बघत होत्या. बाटल्यांमधलं पाणी पायऱ्यांवरच संपलं. "वर देवळापाशी पाणीच पाणी आहे," नवरा म्हणाला. व्हिडिओत बघितलं होतं त्याने.

पाली दरवाजातून आत गेलो आणि वाट फुटली. एका बाजूला पद्मावती माची, म्हणजे देऊळ, सावली, पाणी. दुसऱ्या बाजूला संजीवनी माची. तिथे पाटी होती. एक बाई ताकाची हंडी घेऊन सावलीला बसली होती. मी म्हटलं, "अहो, त्यांना विचारा ना."

"आपल्या भागात वाट विचारायची?" नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "पाट्या पुण्याच्या लोकांसाठी असतात." आणि एकसारखे शर्ट घातलेला एक घोळका चालला होता त्याच्या मागे तो ताठ मानेने निघाला.

आम्ही चाललो ते चाललोच. माची लांबच लांब आणि अरुंद, दोन्ही बाजूंना दरी, ऊन थेट डोक्यावर. नवरा मधूनमधून म्हणायचा, "हा बुरूज ओलांडला की देऊळ." बुरूज ओलांडला की पुढे आणखी एक बुरूज यायचा. एका टाक्यात पाणी दिसलं, ते हिरवंगार. मुलगा काठी टेकत आमच्या मागे येत होता. दर रविवारी गड चढणारा मुलगा, त्याला माहीत असेल, मग तो का बोलत नाही? मनात म्हटलं, मोठ्यांचा मान राखतोय. किती गुणी!

शेवटी माचीच संपली. समोर नुसती हवा आणि लांबवर तोरणा. देऊळ नाही, पाणी नाही, झाड नाही. एकसारख्या शर्टांचा घोळका फोटो काढत होता.

नवरा म्हणाला, "इथनं नजारा..." आणि लांब केलेला हात खाली घेतला.

तटाच्या कडेला हातभर सावली होती, तिच्यात आम्ही पाचजण एकमेकांना चिकटून बसलो. घसे कोरडे पडले होते. सोबत काय, तर कोरडे पोहे. नवऱ्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "ताई, तुमच्याकडे नारळ आहे ना? तो फोडू या. घोटघोट पाणी तरी मिळेल."

त्या बाईंनी पिशवी छातीशी धरली. "नाही हो. तो नाही फोडायचा."

आवाज मऊच होता, पण पिशवीवरची पकड घट्ट. देवीचा नारळ मागितला, उन्हातून फरफटत आणलं, पाण्याविना बसवलं. घोळ घालू नका म्हणाली होती पोर, आणि आम्ही तो गडाच्या टोकापर्यंत नेऊन घातला होता. लेकीकडे बघायची मला हिंमत होईना. नवऱ्याने पुन्हा सुरू केलं, "त्याचं काय आहे, गेल्या वर्षीपर्यंत ही वाट..."

"बाबा, पुरे," लेक म्हणाली. ती उभी राहिली आणि मुलाच्या आईकडे वळली. तिचा चेहरा उन्हाने आणि रागाने लाल झाला होता. "काकू, आमच्यापैकी कुणीही आजवर राजगडावर आलेलं नाही. बाबा नाही, आई नाही, मी तर नाहीच. ऑफिसमध्ये मीसुद्धा सांगायचे की गड आमच्या रक्तात आहे. सगळी थाप. तुम्हाला एवढा त्रास झाला, त्याबद्दल सॉरी. काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा."

खरं बोलली म्हणून अभिमान वाटत होता आणि आत्ताच कशाला बोलली म्हणून रडू येत होतं, दोन्ही एकदम.

काकू काही बोलायच्या आत मुलाने घसा खाकरला. "मी पण पहिल्यांदाच आलोय," तो बुटांकडे बघत म्हणाला. "गड तुझ्या रक्तात म्हणून मी दर रविवारचं सांगितलं. मला पर्वती चढतानाही धाप लागते. काका पुढे आहेत म्हणून मी निर्धास्त होतो."

"आणि मी तुमच्यामुळे निर्धास्त होतो!" नवरा ओरडला. "तुम्ही मागनं काही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, वाट बरोबर आहे!"

काकू हसायला लागल्या. अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसण्यात आम्ही सगळेच ओढले गेलो. शर्टवाला घोळका फोटो सोडून आमच्याकडे बघायला लागला.

मग मुलाने माझ्या हातातला डबा घेतला. चमचा एकच होता, बशी नव्हतीच. त्याने डब्याच्या झाकणात पोहे काढले, लिंबू पिळलं आणि पहिलं झाकण माझ्या लेकीपुढे धरलं. पोहे घट्ट झाले होते, गारढोण, घशात अडकणारे. तिने एक घास खाल्ला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "जरा चालून दाखवता का?"

तो उठला आणि त्या कोऱ्या बुटांनिशी तटाच्या कडेकडेने लंगडत चालून आला. दोन्ही टाचांना फोड आले होते बिचाऱ्याच्या. मी तेव्हाच मनाने त्याला जावई करून टाकला. पण माझ्या मनाला कोण विचारतो? काकू हसल्या होत्या खऱ्या, पण पोह्यांच्या बशा साफ करणारेही आमच्या घरी छान हसूनच गेले होते. होकार अजून कुणी दिला नव्हता.

परत फिरलो. पाली दरवाजापाशी ती ताकवाली अजून बसलेली. नवरा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग टोपी काढली आणि म्हणाला, "मावशी, देवीच्या देवळाकडे कसं जायचं?" एवढ्या संसारात त्याने कुणाला वाट विचारलेली मी पहिल्यांदा ऐकली. माझं त्याच्यावर प्रेम आहे हे रोज काही लक्षात राहत नाही, त्या वेळी राहिलं.

"ह्ये काय, त्या अंगाला. पाटी हाय की," ती म्हणाली. "मगाशी तिकडं कुठं चालला व्हता? म्या हाक मारनार व्हते, पर तुमी लई ऐटीत गेलासा. म्हटलं, म्हायती असंल." तिने आमच्यावर एकदा नजर फिरवली, लेकीवर आणि लंगडणाऱ्या मुलावर जरा जास्त वेळ. "बसा. ताक घ्या आदी. देवी काय पळून जात न्हाई."

आम्ही हंडी जवळजवळ रिकामी केली.

देवळात गार होतं. बाहेर पुण्याच्या पोरांचा गलका, आत उदबत्तीचा वास. मी हात जोडले आणि बाजूला सरकले, काकूंना ओटी भरता यावी म्हणून. त्यांनी देवीला हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं, पण पिशवी उघडली नाही. मला वाटलं, विसरल्या.

"ताई, देवीची ओटी राहिली," मी म्हटलं.

"नारळ देवीचा नाहीये," त्या म्हणाल्या. "घरून निघाले तेव्हा पिशवीत टाकला. द्यायचा की परत न्यायचा, ते वर ठरवणार होते." मग त्या लेकीकडे वळल्या. "पदर नाहीये, ओढणी पुढे धर बाई. माझी कंबर गेलीय, फार वाकवू नकोस."

लेकीने ओढणी पसरली. खण, तांदळाची छोटी पुडी, नारळ. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पोरीने ओढणी घट्ट धरली होती, तरी नारळ तिच्यात इकडून तिकडे हलत होता. मुलगा दाराशी बूट काढायला बसला होता, तो तसाच एका पायात बूट ठेवून बघत राहिला. मी डोळे पुसले आणि त्याची लाज वाटून घेतली नाही.

नवरा कुठे आहे बघितलं. त्याने आमच्याकडे पाठ केली होती. खांदे हलत होते.

"अहो," मी हाक मारली.

तो वळला नाही. हात लांब करून जड आवाजात म्हणाला, "इथनं नजारा बघा."

त्याच्या समोर देवळाची भिंत होती.