हात धरलाय, बोल

फादर मुलांशी बोलायला लागले की आधी उजवा हात पाठीमागं न्यायचे आणि डाव्या हातानं त्याचं मनगट पकडायचे. घट्ट. मग समोरच्या पोराकडं बघून म्हणायचे, "हात धरलाय. बोल आता."

आणि पोरं बोलायची. काच कुणी फोडली, बापाची सही कुणी ठोकली, सगळं सांगून मोकळी व्हायची.

तो हात ज्यानं बघितलाय तो विसरणार नाही. पंजा भाकरीच्या तव्याएवढा, बोटांची पेरं एकदा मोडून परत बसल्यासारखी. फादर आजऱ्याकडचे, घरात कोकणी बोलणाऱ्या शेतकरी ख्रिस्ती कुटुंबातले. तरुणपणी कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती केलेली. चांगलं नाव व्हायला लागलं आणि एकदम सगळं टाकून पाद्री व्हायला सेमिनरीत गेले. का, ते सांगत नसत. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलंच, "फादर, हात कशाला धरता सारखा?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "एकदा सुटलेला." मग म्हणाले, "समोरचा उठला न्हाय लवकर." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

फादर मुख्याध्यापक होते त्या कोल्हापुरातल्या कॉन्व्हेंट शाळेत मी मराठी शिकवते. माझं गाव गडमुडशिंगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाप अंगठा लावायचा, मी बी.ए., बी.एड. झाले. हे मी कुठंही सांगते, कारण पहाटे म्हशीच्या धारा काढून मग बस पकडून ते मी कमावलंय. मुलाखतीला फादरांनी पदव्या बघितल्याच नाहीत. एकच विचारलं, "मुलांना मारणार का?"

मी म्हणाले, "घरात एवढा मार बघितलाय फादर, हौस फिटलीय."

ते हसले. "मग या सोमवारपासनं."

मार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत तो मिठासारखा घराघरांत असायचा. बाप पोराला, भाऊ बहिणीला, सासू सुनेला. रडण्याच्या आवाजावरून कुणाच्या घरात आज काय बिनसलंय ते शेजारी ओळखायचे आणि आपापलं जेवण चालू ठेवायचे. अशा गल्लीतून आलेल्या बाईला एवढा दांडगा माणूस स्वतःचाच हात धरून उभा असलेला बघून काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

शाळेच्या मागं पत्र्याची शेड होती. त्यात फादरांनी आखाडा केलेला. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, सगळं रीतीनं. कॉन्व्हेंट शाळेत आखाडा म्हटल्यावर पालक आधी हसले, मग स्वतःच बघायला यायला लागले. मारामारी केलेल्या पोराला फादर तिथं न्यायचे. झगा खिळ्याला अडकवायचे, शर्टाच्या बाह्या वर करायचे आणि म्हणायचे, "लई रग हाय न्हवं? मला पाड आणि वर्गात जा." पोर धडका मारमारून दमायचं, मातीत लोळायचं, शेवटी हसायला लागायचं. फादरांना कुणी पाडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ही असली शिक्षा कोल्हापुरातच कुणाला तरी सुचणार आणि कोल्हापुरातच पालक तिला माना डोलावणार. शिक्षा व्हावी म्हणून पोरं मुद्दाम भांडायची.

त्यांचा एक नियम होता. आखाड्यात हात सुटा. बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबून, हात झटकून, परत मनगट धरायचं. "मातीत सोडतो, मातीबाहेर न्हाय," म्हणायचे.

आता ओंकारचं सांगते. आठवीतला. माझ्याच गावचा, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर. त्याचा बाप, आम्ही सगळे त्याला तात्या म्हणतो, दुधाचा टेम्पो चालवतो. तोही जुना पैलवान. त्याच्या घरातलं रडणं आमच्या गल्लीपर्यंत यायचं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ओंकारनं सातवीतल्या एका पोराच्या तोंडावर स्टीलची पाण्याची बाटली हाणली. एकदा नाही. ते पोर खाली पडल्यावरही हाणत होता. दात मोडला, बाकावर रक्त. दोन शिक्षकांनी ओढून काढला तेव्हा एकाच्या हाताला चावला. फादर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चल."

दोघं शेडमध्ये गेले. ते मी व्हरांड्यातून बघितलं. आतून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

बाहेर आले तेव्हा ओंकारनं डावा कान दाबून धरला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. फादरांच्या शर्टाला, पाठीला, केसांना माती. झगा खिळ्यालाच राहिलेला. ते उंबऱ्यावर थांबले नाहीत. दोन्ही हात सुटे होते.

फादर त्याला तसंच स्कूटरवर बसवून डॉक्टरकडं घेऊन गेले. मी मागून रिक्षानं गेले. डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, मार लागूनच फाटलाय. आज लागला की काल, ते आपण सांगू शकत नाही, कालची जखम आज धक्का लागून परत वाहू शकते. ओंकारला विचारलं तर तो म्हणाला, "आठवत न्हाय." दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच.

संध्याकाळी ऑफिसात मी फादरांना सरळ विचारलं. मला आडून बोलायला येत नाही. "फादर, तुम्ही मारलं का?"

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"व्हय म्हणा, न्हाईतर न्हाय म्हणा. एवढं सोपं हाय."

"सोपं न्हाय मॅडम." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडं बघत राहिले. "पोरगं अंगावर आलं. दोघं खाली गेलो. ह्यो हात कुठंतरी लागला. कसा लागला, किती लागला, रागानं लागला का आवरताना लागला, ते मी सांगू शकत न्हाय. मातीत दोघं होतो."

"तुम्हाला राग आलता?"

"आलता," ते म्हणाले. "सातवीतलं पोर बघितल्यावर आलता."

दुसऱ्या दिवशी तात्याचा टेम्पो आला, आणि मागं आणखी एक. दुधाच्या कॅनच्या जागी माणसं. काही आमच्या गावची, काही मी कधी न बघितलेली, मोबाईल वर धरून आलेली. वॉचमनला ढकलून आत घुसली. कुंड्या फुटल्या, ऑफिसच्या काचा फुटल्या. शेडचे पत्रे पहारीनं उचकटले आणि आखाड्यातली माती पाट्या भरभरून अंगणात उधळली. वर्गांची दारं आम्ही आतून लावून घेतली होती. पोरं बाकाखाली बसली होती, पहिलीतली रडत होती.

फादर स्वतःच बाहेर गेले. पायरीवर उभे राहिले. हात पाठीमागं, मनगट धरलेलं.

तात्यानं पहिली थोबाडीत दिली ती माझ्या वर्गापर्यंत ऐकू आली. मी दार उघडून पळत गेले. तोवर दुसरी, तिसरी. मग मूठ. ओठ फाटला, झग्यावर रक्त उतरलं. कुणीतरी मागून हॉकी स्टिक खांद्यावर घातली. फादर गुडघ्यावर आले, परत उठले. हात तिथंच.

"तात्या, बास," मी मध्ये घुसले. "मेला तर आत जाशीला."

"सरक पोरी. मास्तरीण झालीस म्हणून गाव इसरलीस व्हय?"

"गाव इसरले न्हाय म्हणूनच आडवी आलेय."

त्यानं मला बाजूला सारलं. पण त्याचाही जोर आता चुकत होता. पैलवान माणूस, समोरून काही येत नाही म्हटल्यावर त्याला पुढचा डाव सुचेना. तो ओरडायला लागला, "हात सोड. मर्द असशील तर हात सोड की रं."

फादर तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "सोडणार न्हाय."

"हात सोड म्हणतोय न्हवं." आणि परत मारलं. ओरडणारा माणूस रडतोय हे मला तेव्हा दिसलं.

ओंकार टेम्पोच्या केबिनमध्ये बसला होता, कानात कापूस. काचेतून बघत होता. तात्यानं मागं वळून त्याला बोट दाखवत विचारलं, "सांग की रं सगळ्यांम्होरं, ह्यानंच मारलं न्हवं?" तर त्यानं कोपर वर करून कान झाकून घेतला. बास, एवढंच. बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, मग झालं की स्पष्ट, बापालाच भ्यालं पोर. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढं कितीतरी दिवस मी फळा पुसायला हात उचलला तरी ते पोर कान झाकायचं. तेव्हापासून मी पुसायच्या आधी सांगते, "पुसते हं." अजून सांगते. नवी पोरं हसतात.

पोलीस आले, जबाब झाले, व्हिडिओ सगळीकडं फिरला. तोच व्हिडिओ बघून दोन बोलणी निघाली. चहाच्या गाड्यावर एक म्हणायचा, "गुन्हा केलाय म्हणूनच गप मार खाल्ला. नायतर एवढा गडी ऐकून घेतोय व्हय?" दुसरा म्हणायचा, "अरे, ज्याचा हात तेवढ्या मारातबी सुटला न्हाय, त्याचा पोरावर सुटंल?" दोघंही बरोबर वाटायचे. मी दोघांशीही भांडले.

शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून चौकशीला माणसं आली. त्यांनी मला बोलावलं, कारण शेडमधून बाहेर येताना बघणारी मी एकटी, आणि गावही माझंच. फादर राहणार की जाणार, ते त्या खोलीत ठरणार होतं. आदल्या दिवशी शाळेतले म्हणाले, मॅडम, तेवढं हाताचं सांगू नका. गावातले घरी येऊन म्हणाले, तेवढंच सांग.

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फादर बाहेर आले तेव्हा उंबऱ्यावर थांबले नाहीत आणि हात सुटे होते. दुसरी, त्याच दिवशी पहिल्या तासाला ओंकारला मी हाक मारली तर त्याला ऐकू आलं नव्हतं. तो भिंतीकडं डावा कान करून बसला होता आणि शेजारच्यानं ढोसल्यावर उभा राहिला होता. म्हणजे शेडमध्ये जायच्या आधीच त्या कानाचं काहीतरी झालेलं होतं. किंवा त्याचं लक्ष नव्हतं. "यातलं काय खरं मानायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मी बघितलं ते सांगितलं. मानायचं काम तुमचं."

त्या दिवसापासून शाळेतले निम्मे लोक माझ्याशी बोलेनात, आणि गावात तात्याच्या घरच्यांनी आमच्या दारावरून जायचं सोडलं. आई म्हणाली, "खरं बोलाया गेलीस आन दोनी दारं लावून घेतलीस बाई." मी म्हणाले, लावू देत. शिकले ते कुणाच्या बाजूनं बोलायला नाही शिकले.

फादरांची बदली झाली. कुठं, ते सांगितलं नाही. दोषी असं लिहिलं नाही, निर्दोष असंही नाही. पोरानं शेवटपर्यंत आठवत नाही म्हटल्यावर तात्यानं फादरांवर केलेली केसही पुढं सरकली नाही.

निरोप समारंभ नव्हता. शाळा भरायच्या आधी जीप आली. शिपाईमामांनी ट्रंक चढवली आणि मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी मुद्दाम लवकर आले होते. फादरांचा ओठ शिवलेला, खांदा अजून खाली.

"मॅडम, दोन्ही सांगितलंत. बरं केलंत."

"रागावला न्हाईसा?"

"न्हाय." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं."

"मलाबी," फादर म्हणाले.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मनगट मांडीवर घेऊन धरलं. फाटकातून वळेपर्यंत तसंच दिसत होतं.

शेड आता नाही. तिथं फरशी घालून स्कूल बस लावतात. ते वर्ष संपल्यावर ओंकारला तात्यानं शाळेतून काढून गावाकडच्या हायस्कुलात घातलं. परवा पेठ वडगावला शालेय कुस्त्या होत्या, आमच्या मुलांना घेऊन मी गेले होते. तिथं तो दिसला. मिसरूड फुटलंय, मान भरलीय. मला बघून आला, पाया पडला. बोलताना उजवा कान पुढं करत होता.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मला आडून विचारता येत नाही हे सांगितलंच. "ओंकार, त्या दिवशी शेडमध्ये काय झालतं रे?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. आखाड्याच्या कडेला तात्या उभा होता, आमच्याकडंच बघत.

"मी त्यांना पाडलं, मॅडम," तो म्हणाला. "पाठ लावली. फादर खाली, मी वर."

"आणि मग?"

"मग ते हसले."

"आणि मग, ओंकार?"

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं आणि हलगी वाजायला लागली. तात्या ओरडला, "चल रं, उचलून आपट त्याला." ओंकार आखाड्यात उतरला. समोरच्या पोरानं सलामीला हात पुढं केला. ओंकार तसाच उभा, दोन्ही हात पाठीमागं. मी त्याच्या मागच्या बाजूला होते, म्हणून मला दिसलं.

पंचांनी दोनदा सांगितलं, हात मिळव. तेव्हा कुठं त्यानं डाव्या हातात धरलेलं उजवं मनगट सोडलं.