पेंढ्याच्या चाकावर मोखाडा

जव्हार सोडलं तेव्हा सकाळच होती, तरी सदरा पाठीला चिकटला होता. आम्हाला असाच उकाडा हवा होता. अंदमानच्या रस्त्यांवर सायकल चालवायची तर घामट हवेत चढ-उताराची सवय पाहिजे, म्हणून तिकडच्या सहलीला निघालेल्या आम्हा सगळ्यांना सुलभाताईंनी वैशाखात इथं आणलं. ताई नाशिकच्या सायकल दुकानाच्या मालकीण, मी त्यांचा मेकॅनिक. सातवीतून शाळा सोडून हिंगोलीहून आलो, तेव्हा त्यांनीच हातात पाना दिला आणि राहायला दुकानावरचा माळा.

बेटावर मेकॅनिकलाही सगळ्यांबरोबर सायकल चालवावी लागणार होती. "तिथं मागून गाडी नाही," ताई म्हणाल्या. "आज मोखाड्यापर्यंत गाडीत न बसता आलास, तर तुला नेईन." एवढं बोलून त्या बाकीच्यांबरोबर पुढं निघाल्या. मागून भाड्याची जीप येत होती, तिचे चालक जव्हारचे रफिकचाचा.

आमच्याकडचं रान सपाट. लोकांचे ब्रेक रोज बसवतो, पण घाट कधी उतरलो नव्हतो. पहिल्याच मोठ्या उताराला जीव घाबरला आणि मी दोन्ही ब्रेक आवळले ते सोडलेच नाहीत. रबर जळाल्याचा वास आला. तिसऱ्या वळणावर मागची ट्यूब फाटकन फुटली आणि मी गटारात. गुडघा सोलला. रिमला हात लावला तर तवाच.

जीप येईल या धास्तीनं जवळची दुसरी ट्यूब घाईघाईनं बसवली. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो की टायर चढवताना ट्यूब चिमटत नाही ना ते बघा. मी बघितलं नाही. हवा भरली आणि तीही बोटभर फाटली. ठिगळ बसण्यासारखं काही राहिलं नाही.

चाचांनी जीप थांबवली. "बैठ जा बेटा. मोखाड्याच्या अलीकडं उतरवतो. कोण बघतंय?"

मी दारापर्यंत गेलो, हँडलला हात लावला. पण बेटावर असं झालं तर तिथं चाचा कुठून येणार? हात काढून घेतला.

रस्त्याच्या खाली एक नवरा-बायको राब (रोपांसाठी भाजायची जमीन) रचत होते. शेण, पाला, त्यावर भाताचा पेंढा. गावाकडं आमच्या म्हाताऱ्या माणसांनी टायरात गवत कोंबून सायकली हाकलेल्या, ते आठवलं. खाली जाऊन पेंढा मागितला.

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "बैलाला घालतात हे माहीत हाय. सायकल पण खाते काय?"

"टायरात भरायचाय, मावशी."

"राबाचा पेंढा हाय तो. तेवढी जागा कच्ची राहंल मंग."

मी मान खाली घातली. मावशींनी नवऱ्याकडं पाहिलं. "दे रं त्याला. पोरगं रडंल आता."

काकांनी कोयत्याच्या मुठीनं पेंढा ठोकून ठोकून बसवला, मी टायर ओढून धरलं. मावशींनी नागलीची (नाचणीची) आंबील पाजली.

मग निघालो. चाक दर फेऱ्याला उडी मारायचं. उतार आला की खाली उतरून चालत जायचं. चढावर पायात गोळे आले. चाचा मागं दिवे चमकावत येत होते. पेंढा दबत चालला, रिम खडीला लागायला लागली. टायर निघालं तर सगळं संपलं, एवढंच डोक्यात.

मोखाड्याच्या स्टँडवर ताईंनी आधी गुडघा पाहिला, मग चाक दाबून पाहिलं.

"ब्रेक कुठपर्यंत धरला होतास?"

"सोडलाच नाही, ताई."

"उद्या तोच उतार. माझ्या मागं. दाबायचा, सोडायचा."

दुसऱ्या दिवशी मागं जाऊन नव्या ट्यूबवर तो उतार उतरलो. ब्रेक दाबला, सोडला, रिम गरम झाली नाही. संध्याकाळी खोडाळ्यात चहा पिताना ताई म्हणाल्या, "आईला कळव. येतोयस तू."

नाशिकला परतताना जीपमधून फोन लावला. भीती गेली होती असं नाही. ज्यांनी मला पुढं ढकललं त्यांच्यासमोर ती लपवावी लागली नाही, हेच मला मोठं वाटत होतं. आईला म्हटलं, बेटावर जातोय, चारी बाजूंनी समुद्र.

"तुला पवाया येत न्हाई."

"पोहायचं नाही गं, सायकल चालवायचीय."

"मग हितले रस्ते काय वाईट होते?"

"चांगले आहेत. त्यांच्यावरच तर शिकलो."

ती हळूच म्हणाली, "तरी तुझ्या ताईला इचारून ठेव, पाणी किती खोल ऱ्हातंय ते."